गाडी भरून जाते, तरी तोट्यात कशी?

सकाळी सातची गाडी. दारात लोंबकळणारी पोरं, मागच्या बाकाखाली दुधाचे कॅन, कंडक्टरला तिकिटं फाडत पुढून मागे सरकायची सोय नाही. आणि त्याच गाडीबद्दल आगारातून पत्र येतं: भारमान कमी असल्याने फेरी परवडत नाही. ग्रामसभेत हे पत्र वाचून दाखवलं की पहिल्यांदा हशा होतो आणि मग आवाज चढतात. "अडीच हजारांचं गाव आमचं. पाय ठेवायला जागा नसते गाडीत. आणि म्हणे भारमान कमी!"

गंमत अशी की यात खोटं कुणीच बोलत नसतं. गावाची लोकसंख्या, गावाचा रस्ता आणि त्या रस्त्यावरून येणारी गाडी यांचं नातं वाटतं तितकं सरळ नाही. जनगणनेतल्या आकड्याच्या जोरावर रस्ता मिळू शकतो. गाडी मात्र त्या आकड्याकडे फारशी बघत नाही. किती माणसं एकाच वेळी, एकाच दिशेला निघतात आणि गावातून पुढे जायला वाट आहे का, या दोन गोष्टींवर तिचं सगळं गणित चालतं.

भारमान कसं काढतात

भारमान म्हणजे गाडीतल्या जागांपैकी सरासरी किती जागा भरल्या, त्याची टक्केवारी. यातला कळीचा शब्द 'सरासरी' हा आहे. गाडी तालुक्याच्या स्टँडवर शिरताना किती भरली होती, हा प्रश्न नसतो. निघाल्यापासून परत येईपर्यंत प्रत्येक किलोमीटरला ती किती भरलेली होती, हे मोजलं जातं.

समजा, 44 आसनांची गाडी आहे आणि गावापासून तालुका 24 किलोमीटरवर. एसटीच्या भाड्याचा एक टप्पा 6 किलोमीटरचा असतो, म्हणजे हे झाले चार टप्पे. सकाळी शेवटच्या गावातून 11 जण चढले. पुढच्या गावात आणखी 11, फाट्यावर 11, कॉलेजच्या अलीकडच्या वाडीवर 11. तालुक्यात शिरताना गाडी गच्च, 44 च्या 44. पण चार टप्प्यांची सरासरी काढली तर ती येते साडेसत्तावीस. डोळ्यांना शंभर टक्के भरलेली दिसलेली गाडी कागदावर साडेबासष्ट टक्केच भरते.

आता हीच गाडी साडेआठला परत फिरते. त्या वेळी तालुक्यातून गावाकडे कोण जाणार? बदलीचे एक-दोन शिक्षक, दवाखान्यातून सुटलेली एखादी म्हातारी, आदल्या रात्री अडकलेला एखादा. पहिल्या टप्प्यात 10, मग 8, मग 5, आणि शेवटी 3. सरासरी साडेसहा. जाण्यायेण्याचा हिशेब एकत्र केला की 44 पैकी सरासरी 17 जागा भरल्या. भारमान 39 टक्क्यांच्या आत.

हे आकडे उदाहरणापुरते घेतले आहेत, पण ग्रामीण फेरीचा घाट असाच असतो. सकाळी माणसं तालुक्याकडे वाहतात, संध्याकाळी गावाकडे. शहरातल्या बसला दोन्हीकडून प्रवासी मिळतात, खेड्यातल्या गाडीला एका वेळी एकाच बाजूनं. गावकऱ्यांना भरलेली फेरी दिसते कारण ते तिच्यात बसलेले असतात. रिकामी फेरी बघायला गाडीत कुणी नसतंच.

त्यात तिकिटाचा प्रश्न. सकाळच्या गाडीत निम्मी गर्दी पासवाल्या पोरापोरींची. विद्यार्थ्यांना मासिक पासात दोन तृतीयांश सवलत आहे आणि शाळकरी मुलींना पास मोफत. ऑगस्ट 2022 पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत झाला, मार्च 2023 पासून महिलांना अर्धं तिकीट. या सवलतींची भरपाई सरकार महामंडळाला देतं, म्हणजे पैसे बुडत नाहीत. पण डिझेल आज भरावं लागतं आणि भरपाई सरकारी वेळेनं येते.

मुक्कामी गाडीचं कोडं

रात्री साडेआठ-नऊला येऊन गावातच थांबणारी आणि सकाळी पहिल्यांदा सुटणारी मुक्कामी गाडी बऱ्याच गावांना आपल्यावरचा उपकार वाटते. चालक-वाहक देवळात नाहीतर शाळेच्या ओट्यावर पथारी टाकतात, कुणीतरी भाकरी देतं. खरं तर हा महामंडळाच्याही फायद्याचा व्यवहार आहे. सकाळची पहिली फेरी गावातून तालुक्याकडे हवी असेल तर गाडी रात्री गावातच असली पाहिजे. नाहीतर पहाटे पाचला आगारातून रिकामी गाडी गावापर्यंत न्यावी लागेल आणि रात्री शेवटची फेरी सोडून रिकामी परत आणावी लागेल. एका मुक्कामानं असे दोन मोकळे फेरे वाचतात.

म्हणून फेऱ्या तोडायची वेळ आली की बहुधा दुपारची जाते, मुक्कामी टिकते. पण मुक्कामाला चालक-वाहकांची धड सोय नसेल, तर हळूहळू तीही "रात्री आगारात परत" अशी होते. पाण्याची टाकी, संडास आणि कुलूप लागणारी एक खोली एवढं ग्रामपंचायतीनं करून दिलं, तर आगाराशी बोलताना गावाची बाजू भक्कम होते.

संपणारा रस्ता, पुढे जाणारा रस्ता

एकाच राज्य मार्गावर, एकाच लोकसंख्येची, फाट्यापासून सारख्याच अंतरावर आत असलेली दोन गावं घ्या. एकाला दिवसाला आठ गाड्या, दुसऱ्याला दोन. गावात याचं कारण राजकारण म्हणून सांगतात आणि कधीकधी ते असतंही. पण बहुतेक वेळा कारण नकाशात असतं.

पहिल्या गावातून रस्ता पुढे निघतो आणि दुसरीकडे मोठ्या रस्त्याला मिळतो. सरळ गेलं तर 10 किलोमीटर, गावातून गेलं तर 13. लांब पल्ल्याची गाडी 3 किलोमीटर जादा चालून एक अख्खं गाव उचलते. दुसऱ्या गावात रस्ता संपतो. फाट्यापासून आत 6 आणि आल्या वाटेनं बाहेर 6. साधी गाडी लिटरला साडेचार-पाच किलोमीटर देते, म्हणजे नुसत्या आतबाहेर करण्यात अडीच लिटर डिझेल जळालं आणि वर अर्धा तास गेला. तो अर्धा तास पुढच्या गावांना जाणाऱ्या प्रवाशांचा. ते कुरकुर करतात, मग पुढच्या वेळी वडाप, म्हणजे खासगी जीप, पकडतात. पाटाच्या टेलला शेत असलेल्या शेतकऱ्याला हे वेगळं समजवायला नको: पाणी त्याच्याही नावावर असतं, पण वरच्या सगळ्यांचं भिजून झाल्यावर जे उरेल ते त्याचं.

म्हणून आडगावाला गाडी हवी असेल, तर आहे त्याच रस्त्यावर पुन्हा डांबर ओतण्यापेक्षा पलीकडच्या गावाला जोडणारा दोन-तीन किलोमीटरचा तुकडा पूर्ण करणं जास्त उपयोगाचं, असं माझं स्पष्ट मत आहे. हा तुकडा दोन ग्रामपंचायतींच्या, कधी दोन तालुक्यांच्या हद्दीवर असतो. म्हणूनच तो कुणाचाच नसतो.

1500 पासून 100 पर्यंत

गाडीच्या आधी रस्ता. आणि रस्त्याच्या बाबतीत लोकसंख्येचा आकडा खरोखर राजा आहे.

देशातल्या रस्त्यांचा पहिला मोठा आराखडा 1943 साली नागपुरात भरलेल्या मुख्य अभियंत्यांच्या परिषदेत ठरला. 'नागपूर आराखडा' हेच त्याचं नाव. शेतीप्रधान भागातलं कोणतंही गाव मुख्य रस्त्यापासून 5 मैलांपेक्षा दूर राहू नये, असं त्याचं उद्दिष्ट होतं. म्हणजे तेव्हा मोजमाप अंतराचं होतं, माणसांचं नव्हे. पाचव्या पंचवार्षिक योजनेत, 1974 नंतर, किमान गरजा कार्यक्रम आला आणि माप बदललं: आधी 1500 च्या वर लोकसंख्येची गावं. 25 डिसेंबर 2000 ला प्रधानमंत्री ग्राम सडक योजना सुरू झाली. तिच्यात आधी हजारांवरच्या वस्त्या, मग सपाट प्रदेशात 500 च्या वरच्या, डोंगरी आणि आदिवासी भागांत 250 च्या वरच्या. नक्षलग्रस्त भागांसाठी ही अट पुढे 100 पर्यंत खाली आली. सप्टेंबर 2024 मध्ये मंजूर झालेल्या चौथ्या टप्प्यात साधारण याच मर्यादा ठेवून देशातल्या 25,000 वस्त्यांसाठी 62,500 किलोमीटर रस्ते धरले आहेत. फरक एवढाच की आता आधार 2001 च्या नव्हे, 2011 च्या जनगणनेचा आहे.

महाराष्ट्रात या सगळ्याच्या मध्ये एक वेगळं पर्व आहे ते दुष्काळाचं. 1972 च्या दुष्काळात लाखो लोकांनी खडी फोडली, माती टाकली. त्यातून आलेल्या रोजगार हमीनं (कायदा 1977 चा, अंमल 26 जानेवारी 1979 पासून) कितीतरी गावांचे पहिले रस्ते तयार केले. त्या वेळी निकष लोकसंख्येचा नव्हता. हाताला काम हवं होतं म्हणून रस्ता झाला. देशावरच्या अनेक गावांच्या रस्त्यांचं मूळ शोधलं तर तिथे जाऊन पोचतं.

ग्राम सडक योजनेची एक अट मात्र फारशी कुणी लक्षात घेत नाही. वस्तीला एक बारमाही रस्ता मिळाला की ती 'जोडलेली' धरली जाते. दुसरा रस्ता नाही. सरकारी पैसा पुरवायचा तर ही अट समजण्यासारखी आहे, पण तिचा परिणाम बघा: ही योजना मुळातच संपणारे रस्ते तयार करते. मोठ्या रस्त्यापासून गावापर्यंत फांदी फुटते आणि तिथेच थांबते. गाव नकाशावर जोडलं जातं, गाडीच्या हिशेबात आडगावच राहतं. 2019 च्या तिसऱ्या टप्प्यात ही चूक थोडीफार दुरुस्त झाली. त्यात सव्वा लाख किलोमीटर रस्ते निवडताना बाजार, उच्च माध्यमिक शाळा आणि दवाखान्यांना जोडणाऱ्या, आरपार जाणाऱ्या रस्त्यांना प्राधान्य दिलं गेलं.

एका मोरीची गोष्ट

'बारमाही' म्हणजे डांबरी, असा आपला समज असतो. योजनेच्या व्याख्येत बारमाही म्हणजे वर्षभर ये-जा करता येईल असा रस्ता, आणि त्यासाठी डांबरापेक्षा महत्त्वाची आहे पाण्याची वाट. गावाबाहेर पाच किलोमीटर उत्तम डांबरी रस्ता आहे, पण मध्ये एका ओढ्यावर बुटका फरशी पूल आहे आणि जुलैत तो पाण्याखाली जातो. एवढंच कारण, आणि आगार लिहून मोकळं होतं: पावसाळ्यात गाडी फाट्यापर्यंत. चार महिने पोरं ओढा ओलांडून फाट्यावर चालत जातात. पावसाळ्यात दुचाकी घेतलेला माणूस दिवाळीनंतर गाडीकडे परत येत नाही.

दुसरी बारीक वाटणारी गोष्ट रुंदीची. ग्रामीण रस्त्याची डांबरी पट्टी सहसा पावणेचार मीटरची, रहदारी कमी असेल तर तीन मीटरचीच. बसची रुंदी अडीच मीटरच्या आसपास. समोरून उसाचा ट्रॅक्टर आला की एकाला साइडपट्टीवर उतरावंच लागतं. साइडपट्टीचा मुरूम वाहून गेलेला असेल, तर चालक त्या रस्त्यावर जायला कां-कूं करतो, आणि त्याचं बरोबर असतं. तिसरी गोष्ट वळायला जागा. शाळेपुढचं मैदान, देवळापुढची मोकळी जागा किंवा तीन रस्त्यांचा चौक यांपैकी एक तरी हवं. गावठाणात अतिक्रमण वाढलं की पहिली गाडी जाते ती याच कारणानं.

ग्राम सडक योजनेतून झालेल्या रस्त्याच्या तोंडाशी एक फलक असतो: लांबी, खर्च, ठेकेदार आणि देखभालीची मुदत. पाच वर्षं देखभाल ठेकेदाराकडे असते. ती मुदत संपण्याच्या आधीच्या पावसाळ्यात फोटो काढून तक्रार केली, तर ठेकेदाराकडून दुरुस्ती मागता येते. मुदत संपली की तो रस्ता जिल्हा परिषदेच्या लांबच लांब यादीत जाऊन बसतो.

> चौकट: कागदावरचे चार शब्द
> महसुली गाव म्हणजे ठरलेल्या शिवाराचं गाव, सातबाऱ्यावर ज्याचं नाव येतं ते. जनगणना गाव म्हणून यालाच मोजते. महाराष्ट्रात 2011 साली अशी सुमारे 43,600 गावं होती. त्यांतल्या सुमारे 2,700 गावांत राहायला माणूसच नव्हता. वस्ती म्हणजे वाडी, पाडा, तांडा, मळा: एकाच ठिकाणी कायम राहणाऱ्या घरांचा पुंजका. ग्राम सडक योजना वस्ती मोजते. ग्रामीण मार्ग आणि इतर जिल्हा मार्ग जिल्हा परिषदेकडे असतात; प्रमुख जिल्हा मार्ग आणि त्यावरचे रस्ते सार्वजनिक बांधकाम विभागाकडे. तक्रार कुठे द्यायची ते यावरून ठरतं.

आकडा कुणाचा आणि कधीचा

देशावर गावठाण दाट असतं. पारापाशी गाडी थांबली की अर्ध्या तासात सगळं गाव तिथे पोचू शकतं. कोकणात दोन हजारांचं गाव म्हणजे डोंगरउतारावर पसरलेल्या दहा-बारा वाड्या. गाडी येते मुख्य वाडीत, आणि वरच्या वाडीतल्या माणसाला ती गाठायला तासभर उतरावं लागतं. गावाला गाडी आहे, वाडीला नाही. म्हणून योजनेनं महसुली गाव सोडून वस्ती हे एकक धरलं, हे फार शहाणपणाचं झालं. त्यात आणखी एक सोय आहे: सपाट भागात 500 मीटरच्या परिघातल्या आणि डोंगरात दीड किलोमीटर पायवाटेच्या अंतरातल्या वस्त्यांची लोकसंख्या एकत्र धरता येते. सपाटीवर दोनशे आणि तीनशेच्या दोन वाड्या वेगवेगळ्या नापास होतात, एकत्र पास.

आणि मोजणी होते कधी? 2011 ची शिरगणती 9 ते 28 फेब्रुवारी या काळात झाली. या संपूर्ण काळात जो घरी नव्हता, त्याची नोंद घरी होत नाही, तो जिथे होता तिथे होते. आता बीड जिल्ह्यातलं ऊसतोड मजुरांचं गाव डोळ्यांसमोर आणा. दसरा-दिवाळीनंतर टोळ्या निघतात आणि पट्टा पडून, म्हणजे हंगाम संपून, परत येईपर्यंत मार्च-एप्रिल उजाडतो. फेब्रुवारीत अशा गावात म्हातारी माणसं आणि शाळेसाठी मागे ठेवलेली पोरं. मोजणीच्या नियमात खोट काही नाही, माणसं खरोखरच तिथे नसतात. पण जून ते ऑक्टोबर तीच माणसं गावात असतात, त्यांना बाजार लागतो, दवाखाना लागतो, आणि नेमक्या त्याच महिन्यांत ओढ्याला पाणी असतं.

कोकणातली गोष्ट उलटी. 2001 ते 2011 या दशकात राज्याची लोकसंख्या वाढून 11 कोटी 24 लाखांच्या घरात गेली, पण रत्नागिरीची सुमारे 16 लाख 97 हजारांवरून 16 लाख 15 हजारांवर आली. सिंधुदुर्गही घटला. रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे 1122 स्त्रिया मोजल्या गेल्या, म्हणजे पुरुष मुंबईला. गणपतीत तीच गावं माणसांनी फुलतात आणि एसटीला हजारो जादा गाड्या सोडाव्या लागतात. दहा दिवसांच्या त्या गर्दीवर बाराही महिन्यांच्या फेऱ्या मात्र आखता येत नाहीत.

वडाप काय करतं

वडाप म्हणा, काळी-पिवळी म्हणा, टमटम म्हणा. तिचा एकच नियम: भरल्याशिवाय हलायचं नाही. म्हणून ती कधी रिकामी धावत नाही आणि म्हणूनच ती तोट्यात जात नाही. एसटीला वेळापत्रक पाळावं लागतं, भरो न भरो. वडापवाला एसटीच्या दहा मिनिटं आधी स्टँडसमोर येऊन रोख तिकिटाचे प्रवासी उचलतो. एसटीच्या वाट्याला पास आणि सवलती उरतात. उत्पन्न घटतं, दुपारची फेरी तुटते. दुपारी गाडी नाही म्हटल्यावर सकाळी जाणाराही विचार करतो की परत यायचं कशानं, आणि तोही वडापकडे किंवा हप्त्यावरच्या मोटारसायकलकडे वळतो. मग सकाळचं भारमान पडतं. एका फेरीचं तुटणं असं दुसऱ्या फेरीला खात जातं. एसटी कर्मचाऱ्यांच्या 2021-22 च्या लांबलेल्या संपानंतर कितीतरी गावांत बंद पडलेल्या फेऱ्या पुन्हा सुरू व्हायला वेळ लागला. तोवर लोकांनी दुसरी सोय लावलेली होती.

वडापला नावं ठेवायचं मला कारण दिसत नाही. रात्री बाळंतिणीला तालुक्याला नेणारा तोच असतो. पण गावातून मोटारसायकलवाले पुरुष वजा केले की गाडीवर कोण अवलंबून राहतं ते बघा: मुली, बायका आणि म्हातारी माणसं. शिक्षण हक्क कायद्यानं पहिली ते पाचवीची शाळा 1 किलोमीटरच्या आत आणि आठवीपर्यंतची 3 किलोमीटरच्या आत हवी असं ठरवलं. नववीचं अंतर कायद्यानं सांगितलेलं नाही. म्हणजे कायदा जिथे थांबतो, तिथून गाडीचं काम सुरू होतं. सातची गाडी गेली की नववीतल्या मुलीची शाळा सुटते आणि भावाची चालू राहते, कारण त्याला मित्राच्या मोटारसायकलवर जाता येतं.

आकड्यापलीकडे

1 जून 1948 रोजी अहमदनगर (आताचं अहिल्यानगर) ते पुणे अशी पहिली एसटी धावली. त्यानंतर साडेशहात्तर वर्षांनी, 1 जानेवारी 2025 रोजी, गडचिरोलीच्या एटापल्ली तालुक्यातल्या गर्देवाड्यासाठी अहेरीहून एसटी सुरू झाली; गावानं ती पहिल्यांदाच पाहिली. भारमानाच्या हिशेबानं ही फेरी कधी सुटलीच नसती. नक्षली भागात सरकार पोचल्याचं दाखवायचं होतं, म्हणून ती सुटली. म्हणजे तोट्याची फेरी चालवायची की नाही हे शेवटी सरकार ठरवतं, आगार नव्हे. मानव विकास कार्यक्रमात मागास तालुक्यांतल्या शाळकरी मुलींसाठी ज्या खास बस दिल्या गेल्या, त्यांच्यामागेही भारमानाचा हिशेब नव्हता.

तेव्हा गावासाठी गाडी मागणार असाल, तर अर्जात "आमच्या गावाची लोकसंख्या अडीच हजार असून" ही ओळ लिहून थांबू नका. आठवडाभर पारावर बसून मोजा: सकाळी सहा ते नऊ किती जण निघाले, त्यांत मुली किती, दुपारी परत यायची कितीजणांना गरज आहे, बाजाराच्या दिवशी आकडा कितीनं वाढतो. तो तक्ता ग्रामसभेच्या ठरावाला जोडा. गाडी वळवायची जागा कुठे आहे, मुक्कामाला खोली देता येईल का, पलीकडच्या गावाला जाणारा रस्ता किती किलोमीटर राहिला आहे, तेही लिहा आणि त्या गावाचा ठरावही सोबत घ्या. एक अर्ज आगार व्यवस्थापकाला, दुसरा जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाला. आणि जनगणनेच्या संकेतस्थळावर आपल्या जिल्ह्याची पुस्तिका उघडून गावापुढचा बसचा रकाना बघून घ्या. तिथे बस नसलेल्या गावापुढे सर्वांत जवळची बस 5 किलोमीटरच्या आत, 5 ते 10 किंवा 10 च्या पुढे, एवढीच नोंद असते. पुढच्या जनगणनेचा संदर्भ दिवस 1 मार्च 2027 आहे. त्या रकान्यातली माहिती चुकीची असेल, तर मोजणी सुरू होण्याआधी तहसीलदारांना लेखी कळवा.